जेवण सोडले, संध्याकाळ का सोडली?



महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी एक शासन निर्णय काढला. राज्यातली दुकाने, हॉटेले आणि इतर आस्थापना आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास उघडी ठेवता येतील, असे त्यात स्पष्ट केले. परमिट रूम, बिअर बार अशी दारू पुरवणारी ठिकाणे यातून वगळली. खरे तर हे नवे नव्हते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच ही मुभा होती. जानेवारी २०२० मध्ये मुंबईतल्या बिगरनिवासी भागांतल्या मॉल आणि हॉटेलांपासून सुरुवातही झाली होती. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि तो विषय मागे पडला.

हा निर्णय आल्यावर आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशांचा पाऊस पडला. "आता संस्कार संपले", "पोरं रात्रभर बाहेर खात फिरणार", "आपण निवेदन दिलं पाहिजे". त्या संदेशांवर मी तेव्हा काही लिहिले नाही, कारण चार ओळींत सांगता येईल असे ते नव्हते. आज सविस्तर लिहिते. कोणाला पटेल, कोणाला नाही. पण वाचून मग रागवा.

पहिली गोष्ट, रात्र जागी असणे हे आपल्या भागाला नवीन नाही. मी पावणे येथे राहते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने साठच्या दशकात एमआयडीसी आली, तेव्हापासून इथे तीन पाळ्या चालतात. रात्री अकराच्या सुमारास खिडकीत उभे राहिले तर एक पाळी घरी जाताना दिसते आणि दुसरी कामावर येताना. आमच्या शेजारी तुर्भ्याला एपीएमसी मार्केट आहे. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार तिथे आला, मग धान्य आणि मसाला, आणि १९९६ मध्ये भाजी आणि फळे. भाजीच्या गाड्या तिथे रात्रीच लागतात. जुन्नर, नाशिक, सातारा अशा कुठून कुठून माल येतो, पहाटेच्या आत उतरतो, विकला जातो आणि उजाडता उजाडता मुंबईभर पोचलेला असतो. सकाळी दारावर येणाऱ्या भाजीवाल्याकडून आपण मेथीची जुडी उलटीपालटी करून, एकेक पान बघून घेतो. ती मेथी कोणाच्या तरी जागरणावर आलेली असते. आपला दिवस शुद्ध राहावा म्हणून कोणीतरी रात्र खर्च केलेली असते. तेव्हा रात्रीचा बाजार म्हणजे काही पाप आहे आणि त्याच्याशी आपला संबंध नाही, असे म्हणण्याआधी आपलीच पिशवी तपासून पाहावी.

दुसरी गोष्ट रात्रीभोजन त्यागाची. हा नियम आपला प्राण आहे, त्याबद्दल वाद नाही. दिवा लागला की त्यावर जीव येतात, अंधारात अन्नात काय पडले ते दिसत नाही, म्हणून अहिंसेसाठी सूर्यास्तापूर्वी जेवायचे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत, त्यात सहावी रात्रीभोजन त्यागाची आहे. प्रतिमा म्हणजे पायरी. पायरी ज्याने त्याने आपल्या पायाने चढायची असते. सरकारने कायदा करून शेजाऱ्याला ती चढायला लावावी असे कुठल्याही आचार्यांनी सांगितलेले नाही. वाशीत रात्री बारा वाजता कोणी डोसा खाल्ला म्हणून माझा नियम मोडत नाही. आणि हॉटेले दहाला बंद झाली म्हणून माझ्या नातवाचा नियम पाळला जाणार नाही, कारण तो नऊलाच खाऊन आलेला असेल!

उलट, गंमत बघा. रात्रीच्या खाऊगल्लीत आजकाल गाडीगाडीवर "जैन" अशी पाटी असते. जैन पावभाजी, म्हणजे बटाट्याच्या जागी कच्चे केळे, कांदा-लसूण वगळलेला. इंदूरचा सराफा आणि अहमदाबादचा माणेकचौक, दिवसा दागिन्यांचे बाजार आणि दुकाने मिटली की तिथेच खाण्याचे बाजार. तिथेही हीच पाटी. रात्री साडेदहाला जैन पावभाजी! पाटीवर जैन लिहिले म्हणून घड्याळ जैन होत नाही. ती पाटी कोणासाठी लावलेली असते? गाडीवाल्याला गिऱ्हाईक माहीत असते. तेव्हा निवेदन घेऊन मंत्रालयात जाण्याआधी ते आपल्या जेवणाच्या टेबलावर ठेवायला हवे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण जमाखर्च मांडायची सवय काही सुटली नाही. म्हणून आपल्या संध्याकाळीचा जमाखर्च मांडते.

मुंबईत सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास होतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे जातो. म्हणजे नियम पाळणाऱ्या बाईचे जेवण वर्षभरात साधारण पावणेसहा ते सात या वेळात उरकते. झाकपाक धरून सातला ओटा पुसून कोरडा. झोप साडेदहाला. मध्ये उरतात साडेतीन तास. ३६५ ने गुणले तर वर्षाला सुमारे १,२७७ तास! मुंबईसारख्या शहरात कुठल्या बाईकडे इतकी मोकळी संध्याकाळ आहे? शेजारच्या घरात साडेनऊला पोळ्या चालू असतात. हिशेबाने आपण या शहरातल्या सर्वांत सुखी बायका असायला हव्या होत्या.

आणि प्रत्यक्षात काय आहे? साडेपाचला एक स्वयंपाक, सासूबाईंसाठी आणि स्वतःसाठी. मग आठला दुसरा, कारण मुलगा साडेआठला येतो, सून ऐरोलीहून नऊला येते आणि नातवाला गरम पोळीच हवी. दुसऱ्यांदा कणीक, दुसऱ्यांदा भांडी. ज्यांच्या घरी पुरुष नियम पाळत नाहीत त्या घरात नियम पाळणारी बाई दोनदा राबते. मधल्या तासात टीव्हीवर मालिका. आपण जेवण सोडले होते, नियम तेवढ्याचाच होता. त्याच्याबरोबर संध्याकाळ कशी गेली हे आपल्या लक्षातही आले नाही. "सातच्या आत घरात" हा नियम कुठल्या श्रावकाचारात आहे? कुठेच नाही. तो समाजाने बनवला, सगळ्याच समाजांनी बनवला, आणि आपण तो व्रताच्या पिशवीत टाकून दिला.

आपल्या परंपरेत रात्र अंधारी कधीच नव्हती. दशलक्षण पर्वात आमच्याकडे सांगली भागात संध्याकाळची आरती, मग प्रवचन, मग मुलींचे नृत्य, प्रश्नमंच, नाटिका. दहा दिवस मंदिर रात्री गजबजलेले असे आणि सगळ्यात पुढच्या सतरंजीवर बायका. श्वेतांबर भगिनींकडे रात्रीच्या भावना असतात, ढोलक आणि झांजेवर स्तवने रंगतात. खाणे नाही, पिणे नाही आणि तरीही दोन तास उठावेसे वाटत नाही. संध्याकाळी घराबाहेर पडून चार माणसांत बसायचे आणि आनंद घ्यायचा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त ते दहा दिवसांचे आहे, आणि वर्षाचे दिवस ३६५ आहेत.

बाहेर काय आहे असे विचाराल तर पुष्कळ आहे. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. मराठी नाटकाची सुरुवात सांगलीला १८४३ मध्ये भाव्यांच्या "सीता स्वयंवर" या प्रयोगापासून मानतात, त्यांचे नाव आपल्या नवी मुंबईच्या नाट्यगृहाला आहे याचा मला सांगलीकडची म्हणून अभिमान वाटतो. पूर्वी संगीत नाटके रात्रभर चालायची, आता अडीच तासांत घरी येता येते. गेल्या वर्षी मी आणि शेजारच्या वहिनी रात्रीच्या प्रयोगाला गेलो. पावणेसहाला जेवलो, सगळे आवरले, मुलांना सांगितले की भाजी-आमटी झाकून ठेवली आहे, पोळ्या डब्यात आहेत, गरम करून घ्या. मध्यंतरात सगळे बटाटेवड्याच्या रांगेत होते आणि आम्ही दोघी खुर्चीवर बसून पहिल्या अंकाची चर्चा करत होतो. रांगेत उभे राहायचे नाही, हा केवढा फायदा! घरी आलो तेव्हा सगळे जेवून भांडी घासून बसले होते. सूनबाई म्हणाली, "आई, दर महिन्याला जात जा."

कोपरखैरण्याचे निसर्ग उद्यान आहे, जिथे पूर्वी कचराभूमी होती. वाशीचे मिनी सीशोअर आहे, संध्याकाळी खाडीवरचा वारा खायला जीएसटी नाही! बेलापूरला सिडकोचे अर्बन हाट आहे, देशभरचे विणकर आणि कारागीर तिथे येतात. तिथे तासभर साड्या हाताळत फिरायला तोंड चालवावे लागत नाही. संध्याकाळचे मनोरंजन म्हणजे खाणेच, असे आपण का धरून चाललो आहोत? हे गृहीत धरल्यामुळेच नियमवाली बाई घरात बसली आणि बाजार खाण्याच्याच गाड्यांनी भरला. आपण संध्याकाळी बाहेर दिसू लागलो तर पुस्तकांचा स्टॉल, सुई-दोऱ्याचा स्टॉल, भजनाचा कार्यक्रम यांनाही गिऱ्हाईक मिळेल. बाजार गिऱ्हाईक बघून बदलतो, हे तर व्यापाऱ्यांच्या घरातल्या आपल्याला कळायलाच हवे.

म्हणजे मी चोवीस तास दुकानांच्या बाजूची आहे का? एका अटीवर. आणि ती अट आपल्या धर्मातूनच येते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी अडवणे. शेवटचे दोन नीट पाहा. अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपल्याला याचे उदाहरण बैलगाडीचे देत असत, बैलावर जास्त पोती लादू नयेत, त्याला वेळेवर चारापाणी करावे. आता आपल्या घरात बैल नाहीत. पण दुकानात मुलगा आहे. सकाळी साडेनऊला शटर उघडणारा आणि रात्री दहाला ओढणारा, दुपारचा डबा चारला खाणारा, गिऱ्हाईक आले की अर्धा डबा बंद करणारा. कीटक मरू नये म्हणून आपण दिवा लागण्याआधी जेवून घेतो आणि त्याच दिव्याखाली उभ्या त्या मुलाने जेवण केले का, हे विचारत नाही. माझ्या मते चोवीस तासांच्या बाजाराबद्दल जैन बाईने विचारायचा प्रश्न हा आहे. रात्री कोण खाते हा नाही. रात्री कोण उभे राहते हा.

पुन्हा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. कायद्याप्रमाणे एका कामगाराने आठवड्याला ४८ तास काम करायचे, त्यापुढे जादा कामाचे दुप्पट दराने पैसे, आणि आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. म्हणजे एक काउंटर आठवडाभर अहोरात्र उघडा ठेवायचा तर त्या एका जागेसाठी साडेतीन माणसे हवीत. बरे, रात्रभराचे सोडा. सकाळी दहा ते रात्री दहा, सातही दिवस दुकान उघडे असेल तर आठवड्याचे ८४ तास होतात. एका जागेला पावणेदोन माणसे, म्हणजे दोनच धरा. तुमच्या ओळखीच्या किती दुकानांत एका काउंटरला दोन माणसे आहेत? लहान दुकानांवर या कायद्याचा फारसा अंमलही नाही, त्यांनी फक्त नोंदीची सूचना द्यायची असते. जिथे कायदा पोचत नाही तिथे व्रत पोचायला हवे. नाहीतर आपण त्याला व्रत कशाला म्हणायचे?

हे जमते, याचा दाखला आपल्या तुर्भ्यातच आहे. एपीएमसीत रात्री पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींसाठी १९६९ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यातून माथाडी मंडळे आली, मजुरीचा हिशेब मंडळात होऊ लागला, भविष्यनिर्वाह निधी आला. त्याआधी पाठीवरच्या ओझ्याला हिशेबच नव्हता. व्यापारी बुडाले नाहीत, बाजार बंद पडला नाही. एपीएमसीत आपल्या समाजाचे कितीतरी गाळे आहेत, घरातल्या पुरुषांना विचारून बघा.

रात्रीच्या बाईबद्दल तर कायद्यांनी गमतीच केल्या आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम देऊ नये असे कलम होते. रुग्णालयात मात्र रात्रपाळीला परिचारिका हवीच. म्हणजे बाईने रात्री सेवा करावी, पगाराच्या मशीनवर उभे राहू नये! मग २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्सबारवर बंदी आणली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. तो धंदा चांगला होता असे मी म्हणत नाही. पण आठ वर्षे चर्चा कशाची झाली? संस्कृतीची. तिथे काम करणाऱ्या मुली बंदीच्या दुसऱ्या दिवशी काय खाणार, याची चर्चा फार थोड्यांनी केली. २०१७ चा कायदा त्या मानाने शहाणा आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायला हवी. कागदावर चांगले आहे. संमती म्हणजे काय, हे मात्र घर चालवणारी प्रत्येक बाई जाणते. "नाही" म्हटल्यावर नोकरी टिकली तरच "हो" ला अर्थ.

आता शहराकडून काय मागायचे ते सांगते. निवेदन द्यायचेच असेल तर याचे देऊ.

पहिले, स्वच्छतागृह. मुंबईत २०११ पासून "राइट टू पी" नावाची चळवळ बायकांनी चालवली, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे घ्यायचे, तेही असेल तर. रात्री दहापर्यंत गजरे विकणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, हे मी स्वतः तिच्याशी बोलून ऐकले आहे. आपण रात्री पाणी सोडतो ते व्रत म्हणून, आपल्या मर्जीने. ती दिवसा पाणी सोडते, कारण जायला जागा नाही. हाही अन्नपाननिरोधच, फक्त करणारी महापालिका आणि आपण सगळे.

दुसरे, दिवे आणि बस. पावण्याच्या एमआयडीसीतले आतले रस्ते रात्री ओसाड असतात. पाळी सुटलेल्या मुली तिथून चालत निघतात. मुख्य रस्त्यावर रोषणाई आणि आतल्या गल्लीत काळोख, याला जागे शहर म्हणत नाहीत.

तिसरे, फेरीवाल्यांना ठरलेली जागा. सिंगापूरचे रात्रीचे खाद्यबाजार आपल्यातल्या काहींनी सहलीत पाहिले असतील. तिथे १९६८-६९ मध्ये सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि पुढच्या पंधराएक वर्षांत त्यांना नळ, गटार आणि स्वच्छतागृह असलेली केंद्रे बांधून दिली. २०२० मध्ये युनेस्कोने ती संस्कृती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. त्यांचे खाणे आपल्याला चालणार नाही, पण आधी नळ आणि मग बाजार, हा क्रम घेण्यासारखा आहे. आपल्याकडेही २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात असे आहे. कायदा आहेच, अंमल मागायचा आहे.

चौथे, शांतता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हवेत. वर्षातले मोजके सणाचे दिवस सोडले तर सवलत नाही. हा नियम हॉटेलच्या संगीताला लागू आहे तसा आपल्या वरघोड्यालाही आहे. दुसऱ्याची झोप मोडून केलेली भक्ती कोणाच्या खात्यात जमा होते, ते मला तरी माहीत नाही.

"पण काकू, मुलं बिघडतील त्याचं काय?" हा प्रश्न येणार. मुले रात्री बाहेर जातात याचे मलाही भय वाटते. पण भय बाजार उघडा असल्याचे नसते, रस्ता ओसाड असल्याचे असते. जिथे दुकाने उघडी आहेत, आजूबाजूला आया-मावश्या फिरत आहेत, तिथे कोणी कोणाची छेड काढायला धजत नाही. संध्याकाळच्या बाजारात आपण नसलो तर तो बाजार फक्त टवाळांचा होतो. आपण असलो तर तो घरच्यांचा होतो. आणि नातू आजीबरोबर नाटकाला आला तर त्याला कळेल की न खाताही मजा येते. हे त्याला घरी बसून शंभरदा सांगण्यापेक्षा सोपे आहे.

आपल्याच घरात काय करता येईल ते थोडक्यात. एक, दुसरा स्वयंपाक बंद. उशिरा येणाऱ्यांनी झाकलेले गरम करून घ्यावे आणि आपले ताट आपण धुवावे. यात कोणाचा अपमान नाही. दोन, आठवड्यातून एक संध्याकाळ बाहेर, मंदिर, बाग, नाटक, बाजार, काहीही. तीन, घरचे दुकान असेल तर रात्री जेवणाआधी, म्हणजे आपल्या भाषेत संध्याकाळी जेवणाआधी, घरधन्याला तीन प्रश्न विचारायचे. मुलगा जेवला का? किती तास झाले? घरी कसा जाणार? चार, दुकानातल्या माणसाच्या जेवणाची वेळ ठरवायची आणि त्या अर्ध्या तासात त्याला हाक मारायची नाही.

आणि शेवटी आपल्या मंडळाबद्दल. आपली सभा गेली कित्येक वर्षे दुपारी तीनला होते, कारण "बायकांना संध्याकाळी जमत नाही". त्यामुळे नोकरी करणाऱ्या सुना आणि लेकी कधीच येत नाहीत. मग आपणच म्हणतो की नव्या पिढीला धर्माची आवड नाही. पुढची सभा संध्याकाळी साडेसातला घ्यावी असे मी सुचवते. सर्वांचे जेवण झालेले असेल, म्हणजे चहा-फराळाचा खर्चही वाचेल. स्वाध्यायाला विषय अहिंसाणुव्रताचे अतिचार. ज्यांना परत जायची अडचण आहे त्यांनी आधी कळवा, रिक्षा एकत्र करू. अध्यक्षांना मी पत्र दिले आहे. तुमचे मत मात्र त्यांना तुम्हीच कळवायचे आहे.

जय जिनेंद्र.